कोनांची कळसूत्री

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की खाडीपलीकडे लागतं ते कोन. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे टेम्पो आणि कंटेनर इथल्या रस्त्यावर दिवसभर थांबत-सरकत असतात. आमचं घर रस्त्यापासून जरा आत, दहा बाय दहाच्या दोन खोल्यांचं. दिवाळीच्या सुटीत पुतण्याने बाहेरच्या खोलीतली कॉट भिंतीला उभी केली, टेबलावर जुना लॅपटॉप मांडला आणि स्वतः मागच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. पडद्यावर निळ्या केसांचं, बटाट्याएवढ्या डोळ्यांचं एक कार्टून होतं. पुतण्याने हात वर केला, कार्टूननेही केला. तो कमरेत वाकला, तेही वाकलं. अंगाला ना वायर, ना पट्टा. समोर फक्त लॅपटॉपच्या कपाळावरचा मसुरीएवढा कॅमेरा. त्याला चेहरा न दाखवता यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचे होते. गावात कुणी ओळखू नये, एवढीच अट.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. पडद्याकडे बघितलं आणि आमच्या आगरी बोलीत म्हणाली, "यो कोन हाय?"

आगरीत 'ण'चा 'न' होतो, त्यामुळे गावही कोन आणि प्रश्नही कोन. गंमत अशी, की पुतण्याकडून त्या कार्टूनकडे जे जात होतं तेही शेवटी कोनच होते, भूमितीतले, अंशांत मोजायचे. हा लेख त्या तिसऱ्या कोनाबद्दल आहे. पण आईचा प्रश्न विसरून चालणार नाही.

दोरी कुठे गेली?

दुसऱ्याचं शरीर आपल्या हालचालीने हलवण्याची हौस आपल्याकडे जुनीच. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. शहरातल्या पोरांना बाहुल्याची दहशत बसली ती १९९३ च्या 'झपाटलेला'मुळे. गोष्टीत बाहुल्याच्या अंगात तात्या विंचू या गुंडाचा आत्मा होता, चित्रीकरणात त्याच्यामागे रामदास पाध्ये यांचं कसब होतं.

कळसूत्रीत बोट हलतं आणि बाहुलीचा गुडघा उचलला जातो. कुठल्या बोटाला काय जोडायचं आणि किती ताण द्यायचा, ही विद्या कलावंताच्या हातात मुरायला वर्षं जातात. कॅमेऱ्याच्या खेळात मात्र गुडघ्याने गुडघाच हलतो. माणसाला शिकावं लागत नाही, ते सगळं शिकणं यंत्राच्या वाट्याला गेलं आहे.

पडद्यावरच्या या बाहुलीला जगभर 'अवतार' म्हणतात. आपलाच शब्द संगणकाच्या वाटेने फिरून परत आला. १९८५ च्या 'अल्टिमा ४' या खेळात तो होता, त्याच सुमारास लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या ऑनलाइन खेळात खेळाडूच्या चित्ररूपासाठी तो वापरला गेला, आणि नील स्टीफन्सनच्या १९९२ च्या 'स्नो क्रॅश' कादंबरीने तो घरोघरी नेला.

हालचाल टिपण्याची खटपट त्याहून कितीतरी जुनी. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी माणसाला काळा पोशाख घातला, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पडद्यासमोर चालवलं. एकाच काचेवर लागोपाठ छबी उमटल्या. माणूस नाहीसा झाला, उरल्या फक्त हलणाऱ्या रेघा. १९७३ मध्ये स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी रेघाही काढून टाकल्या. अंधारात माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा दिवे लावले. स्थिर चित्रात ते नुसते विखुरलेले ठिपके, पण माणूस चालू लागला की बघणाऱ्याला क्षणात कळायचं, हा माणूस चालतोय.

खाडीकाठच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. जाळं पाण्याखाली असतं, वर दिसतात ते फक्त बोये. पण बोयांची ओळ कशी डुलते, कुठे वळते यावरून जाळं कुठे ताणलंय आणि कुठे अडकलंय ते जाणत्याला कळतं. सांधे हे शरीराचे बोये. पुढे सिनेमावाल्यांनी हाच मार्ग धरला. नटाला घट्ट पोशाख, त्यावर प्रकाश परतवणारे गोळे आणि भोवती कॅमेऱ्यांचं कडं. २००२ च्या 'द टू टॉवर्स'मध्ये अँडी सर्किस या नटाने साकारलेला गॉलम बघून ही विद्या लोकांच्या तोंडी झाली. पण त्यासाठी स्टुडिओ लागायचा. दहा बाय दहाच्या खोलीत ते कडं मावणार नव्हतं.

नऊ लाखांतून नव्व्याण्णव

घरात ही विद्या पहिल्यांदा आली ती मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्ट या कॅमेऱ्यातून, नोव्हेंबर २०१० मध्ये. ते खोलीभर न दिसणारे अवरक्त ठिपके सांडायचं आणि त्यांच्या सरकण्यावरून प्रत्येक बिंदू किती लांब आहे ते मोजायचं. म्हणजे अंतर त्याला आयतं मिळायचं. त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांचं 'ओपनपोझ' आलं. साध्या कॅमेऱ्याच्या रंगीत चित्रातून, एकाच वेळी अनेक माणसांचे सांधे ते शोधू लागलं. २०२० मध्ये गुगलने 'ब्लेझपोझ' आणलं. ते इतकं हलकं, की साध्या फोनवरही चालावं. पुतण्याच्या लॅपटॉपवर त्याच घराण्यातलं काहीतरी चाललं होतं.

हे करतं काय? आकडेच बघू. कॅमेऱ्याचं चित्र ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचं धरलं, तर ठिपके झाले ३,०७,२००. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे एका चित्रात ९,२१,६०० आकडे. सेकंदाला अशी ३० चित्रं. या पसाऱ्यातून ब्लेझपोझ ३३ बिंदू काढतं: नाक, डोळे, कान, खांदे, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, टाच, पायाचं बोट वगैरे. प्रत्येकाचं आडवं, उभं आणि खोलीचं अंतर, असे मिळून ९९ आकडे. नऊ लाखांचे नव्व्याण्णव, आणि तेही सेकंदाच्या तिसाव्या भागात.

सगळं चित्र प्रत्येक वेळी चाळत बसलं तर हे जमणार नाही. म्हणून पहिल्यांदा चेहरा हुडकायचा. शरीरात सर्वात ठळक आणि कमी बदलणारा भाग तोच. चेहऱ्यावरून कंबरेचा मध्य कुठे असेल, शरीर मावेल असं वर्तुळ केवढं आणि माणूस किती कललाय, याचा अंदाज घ्यायचा. तेवढाच चौकोन कापून २५६ गुणिले २५६ ठिपक्यांचा करायचा आणि त्यात सांधे शोधायचे. पुढच्या चित्रात चेहराही हुडकायचा नाही. मघाशी सांधे जिथे होते त्याच्या आसपासच बघायचं. माग सुटला तरच पुन्हा सुरुवात. आईने गंमत म्हणून पदर चेहऱ्यावर ओढला आणि खोलीत आली तेव्हा कार्टून जागचं हललंच नाही. पदर खाली आल्यावर ते दचकल्यासारखं उभं राहिलं.

सांधा कसा दिसतो हे कुणी यंत्राला नियम लिहून सांगितलेलं नाही. माणसांनी हजारो फोटोंवर हाताने बिंदू ठेवले. 'कोको' नावाच्या प्रसिद्ध चित्रसंग्रहात प्रत्येक माणसावर १७ बिंदू आहेत आणि अशा खुणा केलेल्या माणसांची संख्या अडीच लाखांवर आहे. ब्लेझपोझसाठी नेहमीच्या हालचालींची ६० हजार आणि व्यायाम करणाऱ्या माणसांची २५ हजार चित्रं वापरली. त्या चित्रांत जे होतं ते यंत्राला येतं, नव्हतं ते येत नाही. हा धागा पुढे लागेल.

एका डोळ्याची अडचण

आता खरी पंचाईत. कॅमेऱ्याला डोळा एकच. समजा, कोपर ते मनगट २५ सेंटीमीटर आहे आणि चित्रात ते निम्मंच दिसतंय. हात आखूड झाला नाही, म्हणजे तो चित्राच्या पातळीतून ६० अंश बाहेर वळलाय, कारण ६० अंशांची कोज्या निम्मी. शाळेतली त्रिकोणमिती इथवर आणते आणि हात झटकते, कारण ६० अंश कॅमेऱ्याकडे की भिंतीकडे हे ती सांगू शकत नाही. दोन्ही उत्तरं सारखीच बरोबर.

दोन दंड, दोन कोपरापुढचे हात, दोन मांड्या, दोन नडग्या, असे आठ भाग धरले तर प्रत्येकाच्या दोन शक्यता. दोनाचा आठवा घात २५६. म्हणजे एकाच सपाट चित्रात २५६ वेगवेगळ्या ढबींनी उभी माणसं दडलेली असतात. त्यातली बहुतेक आपण लगेच मोडीत काढतो: गुडघा पुढे वळत नाही, कोपर उलटं फिरत नाही, तोल असा राहत नाही. यंत्रही तेच शिकलेलं असतं. त्यामुळे कॅमेरा खोली मोजतो असं म्हणणं चूक. तो अनुभवावरून तिचा अंदाज बांधतो. हात पाठीमागे गेला की तो दिसतच नाही, तरी मनगटाची जागा सांगितली जाते, सोबत किती खात्री आहे याचा आकडाही. खात्री कमी असली तर चांगलं सॉफ्टवेअर तो हात सरळ खाली सोडून देतं. साधं सॉफ्टवेअर अंदाजावर विसंबतं आणि अवताराचा हात पोटातून आरपार जातो.

जागा नको, कोन द्या

बिंदू मिळाले. ते अवताराला थेट लावले तर? पुतण्या पाच फूट सात इंच, कार्टूनचं डोकं धडाच्या निम्मं आणि पाय वीतभर. माणसाच्या मनगटाची जागा कार्टूनच्या मनगटाला दिली तर हात रबरासारखा ताणला जाईल. हाडांची लांबी ज्याची त्याची असते, ती उसनी घेता येत नाही. उसना घेता येतो तो कोन. कोपर ९० अंशांत वळलं तर ते उंच माणसात ९०, बुटक्यात ९० आणि निळ्या केसांच्या कार्टूनमध्येही ९०. म्हणून बिंदूंचे कोन करायचे आणि तेवढेच पुढे पाठवायचे. या सगळ्या तंत्राचा गाभा हाच.

कोन मोजायला सुरुवातीची एक ढब ठरवावी लागते. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून उभं राहायचं, त्याला टी-पोझ म्हणतात. अवताराचा सांगाडाही त्याच ढबीत बांधलेला असतो. २०१८ साली जपानमध्ये आलेल्या 'व्हीआरएम' या फाइल-प्रकाराने हाडांची नावं आणि मांडणी एकसारखी केली. त्यामुळे एकाने बनवलेला अवतार दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मुकाट हलतो.

कोपराचं एक वाकणं सोपं, दाराच्या बिजागरीसारखं. खांदा मात्र तीन प्रकारे फिरतो: वर-खाली, पुढे-मागे आणि स्वतःभोवती. तीन कोन वेगवेगळे लिहिले तर काही ढबींत दोन अक्ष एकमेकांवर येतात, एक दिशा हरवते आणि हात अचानक गर्रकन फिरतो. हे टाळायला संगणक तीनऐवजी चार आकडे वापरतात, त्यांना क्वाटर्निअन म्हणतात. आयरिश गणिती विल्यम हॅमिल्टन यांना ते १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी बायकोबरोबर चालताना सुचले आणि तिथल्या तिथे त्यांनी सूत्र पुलाच्या दगडावर कोरलं.

तरी एक वळण निसटतंच. आईला मी म्हटलं, भाकरी उलटल्यासारखा हात कर. तिने तळहात उताणा-पालथा केला. कार्टूनचा हात ढिम्म. कारण खांदा, कोपर, मनगट हे तीन बिंदू जागचे हललेच नव्हते, हाड स्वतःभोवती फिरलं होतं. अंगठ्यासारख्या एखाद-दुसऱ्या बिंदूवरून हे वळण नीट कळत नाही. त्यासाठी पंजाचा वेगळा शोध घेणारं सॉफ्टवेअर लागतं. गुगलचं एका पंजावर २१ बिंदू ठेवतं, चेहऱ्यावर ४६८.

कोनांनीही सगळं भागत नाही. पुतण्याने नमस्कार केला. कोन तंतोतंत पोचले, पण कार्टूनचे खांदे रुंद, हात तोकडे. दोन तळहातांमध्ये चांगली वीतभर फट. नमस्कारात कोनापेक्षा तळहात टेकणं महत्त्वाचं. अशा वेळी उलटा हिशेब करतात: तळहात इथे टेकले पाहिजेत हे आधी ठरवायचं आणि मग कोपर-खांदा किती वळवावा हे मागे मोजत जायचं.

पायांची तऱ्हा आणखी न्यारी. अनेक पद्धतींत कंबर हा मध्य धरून बाकीचं मोजतात. त्यामुळे पुतण्याने बैठक मारली तेव्हा कार्टूनची कंबर तिथेच राहिली आणि पाय हवेत वर आले. उपाय म्हणून जो पाय सर्वात खाली तो जमिनीला टेकवायचा, अशी सोय सुरू केली. बैठक सुधारली. मग त्याने उडी मारली आणि कार्टून जमिनीला चिकटूनच राहिलं.

थरथर आणि उशीर

पुतण्या निश्चल उभा असताना कार्टूनची बोटं हिवताप भरल्यासारखी थरथरत होती. त्याचाही हिशेब मांडता येतो. पूर्ण उभा माणूस, वर केलेल्या हातांसकट, चौकटीत यायला हवा तर साध्या वेबकॅमपासून साधारण तीन मीटर मागे जावं लागतं. आमच्या खोलीची लांबी बरोबर तेवढीच, म्हणून तर कॉट उभी करावी लागली. त्या अंतरावरून दंड चित्रात ६०-६५ ठिपक्यांचा दिसतो, बोटाचं एक पेर जेमतेम सहा. कॅमेऱ्याचा अंदाज एका ठिपक्याने इकडेतिकडे झाला तर दंडाचा कोन एक अंशही चुकत नाही, बोटाचा मात्र नऊ अंशांहून जास्त चुकतो. हाड जितकं छोटं, तितकी थरथर मोठी.

थरथर मारायला मागच्या काही चित्रांची सरासरी घेतात. पाच चित्रांची घेतली तर हालचाल मऊ होते, पण अवतार सुमारे दोन चित्रं मागे पडतो, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. हळदीच्या नाचात हे लगेच जाणवतं: ठेका पडून गेलेला असतो आणि अवताराचा पाय अजून हवेत. २०१२ मध्ये आलेल्या 'वन युरो' नावाच्या गाळणीने यावर साधी तोड काढली. माणूस संथ असला की जास्त गाळायचं, कारण तेव्हा थरथर डोळ्यात भरते. तो वेगात असला की कमी गाळायचं, कारण तेव्हा उशीर डोळ्यात भरतो.

बाकीचं बरंचसं उजेडावर अवलंबून असतं. संध्याकाळी ट्यूबलाइट पुतण्याच्या मागे होती, चेहरा अंधारात. उजेड कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो, हलता हात पुसट दिसतो, चित्रंही कमी येतात. दिवा समोर, कॅमेरा छातीच्या उंचीवर, कपडे भिंतीहून वेगळ्या रंगाचे आणि अंगाबरोबर बसणारे. नवा कॅमेरा विकत घेण्याआधी एवढं करून बघावं.

फुगडीतले हात कुणाचे?

मघाचा धागा इथे जोडतो. दुसऱ्या दिवशी पुतणीने मैत्रीण बोलावली आणि दोघींनी कॅमेऱ्यासमोर फुगडी धरली. चार हात मध्ये गुंफलेले, वेण्या उडताहेत, पाय जवळजवळ एकाच जागी. कार्टून वेड्यासारखं झालं. कधी त्याचा हात एकीचा, पाय दुसरीचा. एका माणसासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरकडून ही अपेक्षा करणंच चूक. ओपनपोझ अशा ठिकाणी सांध्यांबरोबर सांध्यांमधल्या अवयवाची दिशाही शोधतं, म्हणजे हे कोपर कुठल्या मनगटाचं हे ठरवता येतं. पण मध्ये गुंफलेल्या हातांपुढे तेही अडखळतं.

नऊवारीचा काष्टा, घोळदार परकर, मल्लखांबावर उलटा लटकलेला पोरगा, यांत यंत्राची परीक्षा असते. साडीखालचा गुडघा कॅमेऱ्याला दिसत नाही. उलट्या माणसाचं डोकं खाली असेल याची त्याला सवय नसते. उपाय सोपा पण कष्टाचा: अशी चित्रं जमवा, त्यांवर हाताने बिंदू ठेवा, यंत्राला पुन्हा शिकवा. सेकंदात कोट्यवधी गणितं करणाऱ्या या विद्येच्या तळाशी अजूनही कुणीतरी माणूस बसून फोटोतल्या गुडघ्यावर ठिपका ठेवत असतो. ज्यांच्या गुडघ्यांवर ठिपके पडले, त्यांचे अवतार बरे हलतात.

चाल

सुटी संपायच्या आदल्या दिवशी पुतण्याने पहिला व्हिडिओ तयार केला. आवाज बदललेला, चेहरा अर्थातच नाही. लॅपटॉपबाहेर त्याचं चित्र जाणारच नव्हतं, जाणार होतं फक्त कार्टून. सुरुवातीला कार्टून डावीकडून उजवीकडे चार पावलं चालत येतं, थांबतं आणि बोलू लागतं. आईला बोलावून त्याने तो दाखवला.

अमेरिकेत १९७७ साली जेम्स कटिंग आणि लिन कोझलोव्स्की यांनी योहानसन यांचा प्रयोग पुढे नेला होता. एकमेकांना ओळखणाऱ्या मित्रांचं चालणं फक्त सांध्यांवरच्या प्रकाशबिंदूंतून दाखवलं आणि विचारलं, हा कोण? उत्तरं नुसत्या तर्काने यावीत त्याहून जास्त वेळा बरोबर आली. चेहरा, रंग, कपडे, उंची सगळं काढून घेतलं तरी काहीतरी उरतं. खांदा किती अंश पुढे येतो, टाच किती वळते, कंबर कुठल्या बाजूला कलते, यांत ते असतं. म्हणून कोन टिपणाऱ्या यंत्राला चेहरा नको असतो याचा अर्थ त्याने आपल्याला ओळखलं नाही असा होत नाही. कोन कुठे साठवले जातात आणि कुणाकडे जातात, हे विचारायला हवं.

आई चष्मा लावून बसली. निळ्या केसांचं कार्टून चार पावलं चाललं. माझ्या भावाचा उजवा खांदा चालताना जरा पुढे येतो आणि डावा पाय बाहेर पडतो. पुतण्याच्या चालण्यात ते आहे हे मला त्या दिवसापर्यंत कधी दिसलं नव्हतं, समोर त्याचा चेहरा असायचा ना.

"चाल त बापाचीच हाय," आई म्हणाली, आणि भाकऱ्या करायला आत गेली.

पुतण्याने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघितला. मग ती चार पावलं कापून टाकली.